पेडगावकरची रेघ

गेल्या महिन्यात एक माजी विद्यार्थी घरी आला. आता तो आमच्याच जुन्या कॉलेजात प्राध्यापक आहे. म्हणाला, "सर, पेडगावकर सरांचा गौरव अंक काढायलोत आमी. तुमी त्यांचे जुने सहकारी. दोन पानं लिहून द्या." अंकाच्या मुखपृष्ठावर काय छापायचं तेही ठरलं होतं : 'परभणीच्या संगणकयुगाचे जनक'. मी त्याला चहा पाजला, गुडघेदुखीचं कारण सांगितलं आणि वाटेला लावलं. तो गेल्यावर मात्र डोकं भणभणायला लागलं. जनक म्हणे. तेव्हा ती पानं इथेच लिहितो, आणि ती दोनात आटोपणार नाहीत. समोर असताना मी पेडगावकरला कायम 'सर' म्हणालो. इथे एकेरीत लिहिणार आहे. या वयात एवढी चैन मला परवडते.

आमचं कॉलेज परभणीतलं, खासगी संस्थेचं. मी फिजिक्स शिकवायचो, पेडगावकर गणित. शिकवायचा म्हणजे फळ्याकडे तोंड करून पुस्तक उतरवायचा. नव्वदच्या आसपास संस्थेनं एक कम्प्युटर घेतला. एकच. तो चालवायला माणूस पाहिजे म्हणून पेडगावकरला उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला कसल्याशा कोर्सला पाठवलं. येताना तो एक प्रमाणपत्र आणि एक मरून रंगाचा स्वेटर घेऊन आला. प्रमाणपत्र त्यानं फ्रेम करून कम्प्युटरच्या वर लावलं, आणि स्वेटर अंगात घातला तो काढलाच नाही.

कारण कम्प्युटरच्या खोलीत एसी होता. अख्ख्या कॉलेजात तेवढ्याच खोलीत. आत गारठा असतो म्हणून स्वेटर, हे समजू शकतो. पण हा माणूस मे महिन्यात, परभणीच्या उन्हात, जिथे दुपारी कुत्री नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडतात, तिथे कॉलेजच्या गेटवर स्वेटर घालून पान खात उभा राहायचा. कपाळावरून घामाच्या धारा चाललेल्या. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा, "आत लय थंडी असती हो. मशीनला सोसावी लागती, मग आपल्यालाबी सोसावी लागती."

खोलीचे नियम त्यानंच केले होते. चपला बाहेर. हात धुऊन आत. सर्दीखोकला असलेल्यानं खिडकीतून बोलायचं. गजरा माळलेल्या बायकांना मनाई, कारण फुलातले कण मशीनमध्ये जातात. आमचे प्राचार्यसुद्धा बूट काढून, अंगठ्याला भोक पडलेल्या मोज्यांनी आत जायचे आणि खुर्चीच्या टोकावर बसायचे. ते दृश्य पाहून पेडगावकरला काय सुख व्हायचं ते त्याच्या तोंडावर दिसायचं.

आणि त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी काही मागायला गेलं, एक पान छापून द्या म्हणालं, अर्धा तास बसू द्या म्हणालं, की हा पडद्याकडे बघायचा, दोन बटणं दाबायचा आणि खेदानं मान हलवायचा. "सिस्टीम न्हाई म्हणती." त्याच्या मनात नाही असं कधीच नसायचं. बिचारी सिस्टीमच नाही म्हणायची. घरात सगळा कारभार स्वतः करून नाव सासूचं पुढे करणाऱ्या बायका असतात, त्यातली गत.

तर हा कम्प्युटर कॉलेजात करायचा काय? महिन्याच्या शेवटी पगारपत्रक. बाकी महिनाभर कुंडल्या. पेडगावकरला कुठूनतरी जन्मपत्रिका काढायचा प्रोग्राम मिळाला होता. पहिली पत्रिका काढली ती संस्थेच्या अध्यक्षांच्या, दादासाहेबांच्या नातवाची. प्रिंटर करकरत होता आणि पेडगावकर कागदाला दोन्ही हात लावून उभा, बाळंतपण करायला आल्यासारखा. दादासाहेब खूश झाले. मग त्यांच्या लेकींच्या, जावयांच्या, व्याह्यांच्या. मग साखर कारखान्याच्या संचालकांच्या. मग तहसीलदारांच्या. लग्नसराईत गुण जुळवायला माणसं वर्गाबाहेर रांग लावून बसायची. मुलांना वाटायचं प्रवेश चालू झाले. कुणी कधी एक शब्द बोललं नाही. प्राचार्यांच्याच दोन मुली लग्नाच्या होत्या.

आता जरा मशीनबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. कम्प्युटरच्या आत जिथे सगळं साठवतात ती डिस्क एकच होती, पण तिचे दोन भाग पाडले होते. एक भाग ऑफिसचा, त्यावर डॉस नावाची व्यवस्था चालायची. दुसरा भाग सायन्सच्या विभागांचा, त्यावर युनिक्स. मशीन चालू करताना कुठल्या भागात जायचं ते सांगायचं. एकच शेत, मधे बांध. ऑफिस आणि सायन्समध्ये यावरून आधी बरीच भांडणं झाली होती, म्हणून संस्थेनं ठराव केला होता की बांध बरोबर मधोमध घालावा. कंपनीच्या माणसानं तसा घालून दिला. ही रेघ कुठे आहे ते मशीन डिस्कच्या अगदी सुरुवातीला, एका आकड्यात लिहून ठेवतं. तो आकडा पुसला गेला की पलीकडचं शेत जागच्या जागी असतं, पिकासकट, पण मशीनला ते सापडत नाही.

पलीकडच्या शेतात पीक होतं कदम मॅडमचं.

सुमन कदम आमच्याकडे प्राणिशास्त्राला होती. मूळची वालूरची, कोरडवाहू घरातली. हंगामी नेमणूक : दर एप्रिलात सेवा खंडित, दर जूनमध्ये नवा अर्ज. ज्वारीवरच्या खोडमाशीवर तिचं पीएचडीचं काम चाललं होतं. ही माशी कोवळ्या ज्वारीत शिरते आणि मधला पोंगा सुकून जातो. वडिलांच्या रानात तिनं तीन रब्बी हंगाम पट्टे पाडले, भाऊ आणि ती ओळीत वाकून पोंगेमर झालेली ताटं मोजायची, आणि ते आकडे आणून ती कम्प्युटरवर चढवायची. शनिवारी दुपारी दोन तास. तेवढेच तिला पेडगावकरनं दिले होते, तेही सिस्टीम हो म्हणाली तर. वर्षाहून जास्त ती अशी चढवत होती. त्यावर सगळं गणित करून प्रबंधाची निम्मी प्रकरणंही तिनं तिथेच टाइप केली होती.

आणि त्या वर्षी घाई होती. लेक्चररच्या नेमणुकीला नवी पात्रता परीक्षा आली होती, पण वर्षअखेरच्या आत प्रबंध दाखल करणाऱ्यांना तीतून सूट होती. कायमची जागा निघणार होती. डिसेंबरच्या आत प्रबंध गेला तर ती जागा कदम मॅडमची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दादासाहेबांच्या भाचीनंही अर्ज केलाय, हेही ठाऊक होतं.

मॅडम शहाणी होती. दर शनिवारी कामाची एक प्रत फ्लॉपीवर घ्यायची. पण फ्लॉपी घरी न्यायची सोय नव्हती. "बाहेर गेली की व्हायरस घेऊन येती," असं सांगून पेडगावकर त्या आपल्या कपाटात कुलपात ठेवायचा.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला पेडगावकरनं मशीनची पूजा घातली. झेंडूची माळ, नारळ, अगरबत्ती, सगळं. एवढ्यावर थांबता तर मी हे लिहिलंही नसतं. पण त्यानं कपाटातल्या सगळ्या फ्लॉप्या पाकिटातून काढून पाटावर पंख्यासारख्या मांडल्या. त्या काळच्या फ्लॉप्या मोठ्या, पातळ, वाकणाऱ्या असायच्या. मधे एक लांबट फट, त्यातून आतली तपकिरी चकती उघडी दिसायची. हात लावायचा नाही तो नेमका तिथेच. पेडगावकरनं पळीनं पाणी शिंपडलं आणि प्रत्येकीच्या त्या फटीवर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं, कपाळ तेच असल्यासारखं.

मॅडम दारातून म्हणाली, "सर, त्यांच्यावर नका लावू. खराब होतील."

"मॅडम," पेडगावकर मंत्र थांबवून म्हणाला, "वर्षातून एकदा तरी सरस्वतीला हात जोडावेत. सायन्सवाल्यांना तकलीफ होती, मालूम आहे मला."

सगळे हसले. प्राचार्य सगळ्यात मोठ्यानं. पूजेतल्या फ्लॉप्या परत कपाटात कुलपात गेल्या, आणि मॅडमनं शनिवारी मागितल्या की सिस्टीम नाही म्हणायची.

दिवाळीनंतर लग्नसराई तोंडावर आली आणि पेडगावकरची बाजू भरून गेली. कुंडल्या ठेवायला जागा उरली नाही. शेजाऱ्याचं रान दिसत होतं, त्यात नुसती माशांची मोजदाद. त्यानं ठरवलं, बांध आणखी थोडा पलीकडे सरकवावा. बांध सरकवला म्हणजे शेजारचं पीक थोडंच जातं, अशी त्याची समजूत. कोर्सात शिकवलेलं त्याला एवढंच समजलं होतं. त्यानं आपल्याच प्रोग्रामातून मुहूर्त काढला. आपल्या बाजूचं सगळं, पगार आणि कुंडल्या, कोऱ्या करकरीत फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं. मग जुनी रेघ पुसली, नवी मारली, आणि मशीन बंद करून चालू केलं. युनिक्सची बाजू नाहीशी झाली होती.

घाबरून त्यानं ती नवी रेघही पुसली आणि दोन दिवस खोलीला कुलूप लावून ठेवलं. विचारलं तर म्हणे, "सिस्टीम आराम करायली." तिसऱ्या दिवशी प्राचार्यांना जाऊन सांगितलं की भूकंपानं झालं. तेव्हा किल्लारीच्या भूकंपाला फार दिवस झाले नव्हते. धक्का परभणीपर्यंत जाणवला होता, आमची माणसं कितीतरी दिवस अंगणात झोपत होती, कॉलेजातली मुलं मदतीला जाऊन, प्रेतं उपसून आली होती. त्या मेलेल्या माणसांच्या आडोशाला हा लपला. "आतली तबकडी हलली असणार साहेब. एवढा मोठा धक्का."

मॅडम तिथेच होती. म्हणाली, "भूकंपानंतर मी दर शनिवारी इथं बसून काम केलंय सर. तेव्हा नव्हती हलली?"

"हळूहळू हलती ती," पेडगावकर म्हणाला.

मग पूजेतल्या फ्लॉप्या काढल्या. पहिली घातली तशी मशीननं पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज केला. दुसरी, तिसरी, तसंच. बाहेर काढल्या तर चकतीभर हळदीचं रिंगण. मॅडमनं एकेक फ्लॉपी हातात घेऊन उजेडाला धरून बघितली आणि टेबलावर ठेवली.

नांदेडहून कंपनीचा इंजिनिअर आला, शफीक नावाचा तरुण मुलगा. पहिल्यांदा मशीन बसवून गेलेला माणूस कंपनी सोडून गेला होता. शफीकनं तासभर पाहिलं आणि हसतमुखानं म्हणाला, "डेटा कुठं गेला न्हाई. आहे तिथंच आहे. फक्त तो कुठून सुरू होतो ते पुसलंय. जुनी रेघ कुठल्या आकड्यावर होती तेवढं सांगा, मी परत लिहितो. पाच मिनिटांचं काम."

मॅडमच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा रक्त आलेलं मी पाहिलं.

सगळे पेडगावकरकडे बघायला लागलो. तो, मरून स्वेटरात. म्हणाला, "अर्ध्यावर."

शफीकनं अर्ध्याचा आकडा लिहिला, पाचशे बारा, आणि मशीन चालू केलं. काही नाही. "नक्की अर्ध्यावर?"

"संस्थेचा ठराव आहे."

"ठरावाचं न्हाई विचारत सर. डिस्कवर कुठं होती?"

"तेच. अर्ध्यावर."

मॅडम पुढे आली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "सर, एकदा आठवून बघा. थोडीशी इकडं तिकडं सरकवली असंल कधी, तर तसं सांगा. कुणी काही म्हणणार नाही. माझा प्रबंध डिसेंबरात गेला पाहिजे, तुम्हाला माहीत आहे."

"मी ठराव मोडीन का मॅडम?" पेडगावकर म्हणाला, आणि प्राचार्यांकडे वळून, "साहेब, मी ठराव मोडीन का?"

प्राचार्यांनी नाही अशी मान हलवली.

शफीक डोकं खाजवायला लागला. आकडा बरोबर असेल आणि तरी सापडत नसेल तर डेटाच खराब झालाय म्हणायचं, असं त्याचं मत पडलं. पण पोरगा चांगला होता. म्हणाला, "आमच्या ऑफिसात एक प्रोग्राम आहे. एकेक जागा चाळून रेघ शोधतो. पुढच्या आठवड्यात आणतो. तोपर्यंत डिस्कला हात लावू नका."

"हां, तसंच करा," मॅडम घाईनं म्हणाली. "मी थांबते आठवडा."

मी त्या क्षणी पेडगावकरकडे पाहत होतो. पूजा करतानाही त्याचा चेहरा इतका एकाग्र नव्हता. तो प्राचार्यांच्या कानाशी वाकला आणि आम्हाला ऐकू जाईल असं कुजबुजला, "साहेब, पगार अडल. आणि दादासाहेबांच्या घरचं जुळवायचं काम राहिलंय, ते उद्या माणूस पाठवणारेत."

प्राचार्यांनी मोज्यांतला अंगठा हलवला. मग म्हणाले, "नव्यानं करून टाका."

मॅडम म्हणाली, "साहेब, नका." एवढंच म्हणाली. शफीकनं तिच्याकडे पाहिलं, प्राचार्यांकडे पाहिलं, आणि डिस्क पुसून नवी करायला घेतली. ठरावाप्रमाणे मधोमध रेघ मारली. आधीचं सगळं कायमचं गेलं. आता जगातला कुठलाही प्रोग्राम आणला तरी उपयोग नव्हता.

मग पेडगावकर पुढे सरसावला. कपाटातून आपल्या भरलेल्या फ्लॉप्या काढल्या, एकामागून एक घालून आपलं सामान आत भरायला लागला. निम्म्याहून जास्त झालं आणि मशीन थांबलं. जागा संपली.

शफीकनं पडदा वाचला. "हे मावत न्हाई सर. हे सगळं आधी याच बाजूला होतं?"

"हो मग."

"म्हणजे ही बाजू अर्ध्यापेक्षा मोठी होती."

तिथल्या प्रत्येकाला समजलं. बांध यानं आधीच सरकवला होता, सायन्सची बाजू रिकामी होती तेव्हा, कुणाला न सांगता, कुंडल्यांसाठी. आणि आज तो खरा आकडा सांगितला तर चोरी उघडी पडेल म्हणून यानं मुलीची तीन वर्षं पुसून घेतली, तीही तिच्या डोळ्यांदेखत, आणि दुसऱ्याच्या हातानं. दोन शब्द बोलायचे होते. प्राचार्य रागावले असते, फार तर आठवडाभर. तेवढंसुद्धा या माणसाला सोसवलं नाही.

पेडगावकर पडद्याकडे बघत राहिला. मग दोन बटणं दाबली, खेदानं मान हलवली. "सिस्टीम न्हाई म्हणती," तो म्हणाला.

मला वाटलं कुणीतरी त्याच्या मुस्काटात मारेल. कुणी मारली नाही. प्राचार्य उठले आणि बूट घालायला गेले. मॅडम त्यांच्याही आधी बाहेर पडली होती, पायरीवर बसून सँडलचा पट्टा लावत होती. तो काही केल्या लागत नव्हता.

कागदावरचे आकडे वालूरला होते, पण पुन्हा चढवून, गणित करून, लिहून डिसेंबर गाठणं माणसाच्या हातातलं नव्हतं. प्रबंध गेला नाही. जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. स्टाफरूममध्ये कुणी पेढे वाटत होतं, कुणी तोंड पाडून बसलं होतं. पेडगावकर दोन्ही बाजूंचे पेढे खाणारा. तो मॅडमच्या टेबलाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बरं झालं की मॅडम. डिसेंबरात दिला असता तर जुन्या नावाचा प्रबंध झाला असता. आता नव्या नावानं द्या." यात दुसऱ्याची थट्टा आहे हेही त्याच्या ध्यानात नव्हतं. त्याला वाटलं आपण धीर देतोय. हा माणूस दुष्ट असता तर मला एवढी किळस आली नसती. दुष्टपणाला निदान डोकं लागतं.

जागा भाचीला मिळाली. एप्रिलात मॅडमची सेवा खंडित झाली ती जूनमध्ये जोडली गेली नाही. पेडगावकर कम्प्युटर विभागाचा प्रमुख झाला, पुढे उपप्राचार्य. मॅडमनं पाथरीच्या एका शाळेत नोकरी धरली. प्रबंध पुढे झालाच नाही. आई गेली, मग भावाची मुलं तिच्याकडे शिकायला आली, मग विषय निघेनासा झाला.

पेडगावकरला मी शेवटचं पाहिलं ते गंगाखेडला, एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात. तो तेव्हा निवृत्तीला आला होता. मांडवात पुढच्या सोफ्यावर, यजमानांच्या शेजारी. त्याच्याच प्रोग्रामातून गुण जुळवले होते म्हणे. जेवणाच्या पंगतीत त्याच्यासमोर जागा मिळाली ती नेमकी मला आणि लग्नाला आलेल्या कदम मॅडमला. केस पिकले होते तिचे. त्यानं ओळख दाखवली, "कसं काय मॅडम, पाथरी मानवली ना?" असं विचारलं आणि बुंदीत हात घातला.

मॅडमनं घास खाली ठेवला. इतकी वर्षं तिच्या तोंडून या विषयावर मी एक शब्द ऐकला नव्हता. शांतपणे म्हणाली, "सर, रेघ कुठं होती?"

कुठली रेघ, असं त्यानं विचारलं नाही. आठवायला वर पाहिलं नाही, घास चावायचाही थांबला नाही.

"सहाशे चाळीस," पेडगावकर म्हणाला, आणि वाढप्याला हाक मारून मठ्ठा मागितला.